नाम, वर्णन आणि ओळख : फौजदारी पुराव्यातील पीडितेच्या खासगीपणाचा भाषिक विचार

१९७२ साली महाराष्ट्राच्या पूर्व भागातील एका पोलीस ठाण्यात दोन पोलिसांनी एका किशोरवयीन आदिवासी मुलीवर अत्याचार केल्याची फिर्याद झाली. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडून दिले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरविले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये त्यांची पुन्हा मुक्तता केली. ह्या निर्णयाविरुद्ध उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर व वसुधा धगमवार ह्या चार विधी-अध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना उद्देशून एक खुले पत्र लिहिले. त्यातून जी चळवळ उभी राहिली तिची परिणती १९८३ च्या फौजदारी कायद्यातील दुरुस्तीत झाली. ह्याच दुरुस्तीने भारतीय दंड संहितेत कलम २२८-अ घातले गेले आणि बलात्काराच्या गुन्ह्यातील पीडित व्यक्तीचे नाव, किंवा तिची ओळख पटेल असा कोणताही मजकूर, छापणे अथवा प्रसिद्ध करणे हा दोन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र असा गुन्हा ठरला.

वरील परिच्छेदात त्या मुलीचे नाव आलेले नाही. तिच्या गावाचेही नाही. तथापि विधी किंवा समाजशास्त्र ह्या विषयांशी परिचय असलेल्या वाचकाने तो खटला एव्हाना ओळखला असेल आणि खटल्याबरोबर तिचे नावही त्याला आठवले असेल. कारण विधिवृत्तांत त्या खटल्याची नोंद आरोपी व राज्य ह्यांच्या नावाने असली, तरी पाठ्यपुस्तकांत आणि व्याख्यानांत तो त्या मुलीच्याच नावाने ओळखला जातो. ज्या खटल्यामुळे नाव झाकण्याचा कायदा झाला, त्याच खटल्यातील नाव उघडे राहिले. ह्यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एकदा प्रसृत झालेले नाव परत घेता येत नाही, ही पहिली. आणि नावाचा उच्चार न करताही केवळ वर्णनाने व्यक्तीची ओळख पटते, ही दुसरी. पहिली गोष्ट सर्वमान्य आहे. दुसरीचा पुरेसा विचार झालेला नाही. आणि तो मुख्यतः भाषेचा प्रश्न असल्यामुळे भाषाशास्त्राच्या अभ्यासकांनी त्यात लक्ष घालणे उचित होय. येथे ‘पीडिता’ हा शब्द सोयीसाठी योजिला आहे; मुलगे व पुरुष ह्यांनाही विवेचनाचा बहुतेक भाग लागू पडतो.

प्रथम कायद्याची शब्दयोजना पाहू. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली असून पूर्वीच्या कलम २२८-अ मधील हा निर्बंध आता तिच्या कलम ७२ मध्ये आहे. तेथेही ‘नाव’ आणि ‘ओळख पटविणारा मजकूर’ असे दोन स्वतंत्र निर्देश आहेत. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा अधिनियम ह्याहून तपशिलात शिरतो. त्याच्या कलम २३ मध्ये बालकाचे नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंबाची माहिती, शाळा, शेजार आणि ओळख उघड करील असा अन्य कोणताही तपशील, असा क्रम दिला आहे. नाव हे ह्या यादीतील केवळ पहिले पद आहे, ही गोष्ट लक्षणीय होय. ११ डिसेंबर २०१८ रोजी निपुण सक्सेना विरुद्ध भारत संघ ह्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ अधिक स्पष्ट केला. नाव न छापणे एवढ्याने कर्तव्य पुरे होत नाही. प्रसिद्ध झालेल्या मजकुरावरून दूरान्वयानेही ओळख पटता कामा नये, असा त्या निर्णयाचा आशय आहे. म्हणजे कायद्याने मर्यादा नावाच्या पलीकडे नेली आहे. व्यवहारात मात्र नावावर काळी रेघ ओढली की काम झाले, अशी समजूत अद्याप प्रचलित आहे.

ही समजूत चुकीची का, हे आपल्याकडील व्याकरणशास्त्राच्या एका जुन्या दृष्टांताने चांगले समजते. देवदत्ताचे घर कोणते, असे कोणी विचारले असता, तो कावळा बसला आहे ते, असे उत्तर दिले जाते. कावळा हा घराचा गुणधर्म नव्हे, तो घराचा अवयवही नव्हे. तरी त्याच्या योगे घर कळते. अशा खुणेस आपल्या शास्त्रकारांनी उपलक्षण म्हटले आणि वस्तूच्या ठायी टिकून राहणाऱ्या विशेषणापासून ते वेगळे मानले. महाभाष्यात ह्या दृष्टांताची जी चर्चा आहे तिच्यातील एक बारकावा प्रस्तुत विषयाला फार उपयोगी आहे. कावळा उडून गेला की खूण नाहीशी होते हे खरे. परंतु विचारणाऱ्याला तो परिसर कळून चुकलेला असतो. पीडितेचे नाव वगळूनही वृत्तांतात तिच्या वडिलांचा धंदा, शाळेची वेळ, घरासमोरचे देऊळ असे तपशील राहतात, तेव्हा नेमके हेच घडते. ह्यांपैकी कोणताही तपशील तिचे नाव सांगत नाही. परंतु प्रत्येक तपशील शोधणाऱ्याला तिच्या दाराजवळ आणून सोडतो.

शिवाय वर्णने एकत्र आली म्हणजे त्यांचे सामर्थ्य बेरजेने नव्हे तर छेदाने वाढते. उदाहरणादाखल दोन हजार वस्तीचे एक गाव कल्पू. ‘दहावीतील विद्यार्थिनी’ म्हटले तर पंधरा मुली संभवतात. ‘गेल्या वर्षी बाहेरगावाहून आलेली’ एवढे जोडले की दोन उरतात आणि ‘जिची आई अंगणवाडीत काम करते’ असे म्हटल्याबरोबर एकच उरते. तिन्ही वर्णने स्वतंत्रपणे निरुपद्रवी. तिन्ही मिळून ती विशेषनामाचेच काम करतात. हे केवळ कल्पनेतील गणित नव्हे. संगणकशास्त्रज्ञ लतान्या स्वीनी ह्यांनी २००० साली अमेरिकेच्या १९९० च्या जनगणनेच्या आधारे असे दाखविले की, टपाल-विभागाचा क्रमांक, जन्मतारीख आणि लिंग एवढ्या तीनच बाबींवरून त्या देशातील सुमारे ८७ टक्के लोक एकमेवपणे निश्चित होऊ शकतात. त्यांचा विषय वैद्यकीय नोंदींचा होता. परंतु न्यायालयीन कागदपत्रांना तोच न्याय लागू आहे.

येथे आणखी एक विवेक केला पाहिजे. ओळख पटणे ही क्रिया वाचकनिरपेक्ष नसते. तेच वर्णन मुंबईच्या वाचकाला काहीच सांगत नाही आणि त्या गावच्या वाचकाला सर्व काही सांगते. मजकूर तपासणारा अधिकारी किंवा संपादक बहुधा परका असतो. त्याला स्वतःला ओळख पटली नाही म्हणजे मजकूर निर्धोक, असे तो मानतो. परंतु पीडितेला ज्यांच्या दृष्टीपासून संरक्षण हवे ते लोक परके नसतात. ते तिच्या आळीतले, शाळेतले, नात्यातले असतात. तिचे पुढचे आयुष्य त्यांच्यामध्येच जावयाचे असते. म्हणून मजकुराची परीक्षा दूरच्या वाचकाच्या नव्हे, तर सर्वांत जवळच्या वाचकाच्या दृष्टीने केली पाहिजे. प्रस्तुत लेखाचे मुख्य प्रतिपादन हेच आहे.

मराठी भाषेच्या आणि मराठी समाजाच्या काही विशेषांमुळे ही परीक्षा अधिकच कठीण होते. आपली नामपद्धती त्रिपदी आहे: स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव. त्यामुळे वडिलांचे नाव छापले की मुलीच्या नावाची दोन पदे छापली गेली. ‘कर’-प्रत्ययान्त आडनावांतून पुष्कळदा मूळ गाव सूचित होते. आपली नातेवाचक नामे इंग्रजीपेक्षा सूक्ष्म आहेत: मामा, काका, मावसा, आतोबा ह्या चौघांना इंग्रजी एकाच शब्दात गोळा करते, मराठीत मात्र ‘मावशीचा नवरा’ म्हटल्याबरोबर कुटुंबातील नेमका माणूस ठरतो. आणि नाते हे दोन टोकांचे असते. आरोपीचे पूर्ण नाव देऊन ‘तो पीडितेचा सावत्र पिता’ असे लिहिले, तर पीडितेचे नाव लिहिल्यासारखेच झाले. ह्याउप्पर क्रियापदांची रूपे आहेत. ‘मी गेले’ आणि ‘मी गेलो’ ह्यांतील भेदामुळे प्रथमपुरुषी कथनातही वक्त्याचे लिंग लपत नाही. ‘करत होती’ ह्याऐवजी ‘करून राहिली होती’ असे रूप आले की वक्ता विदर्भाकडचा, आणि ‘कुठे’ऐवजी ‘खंय’ आले की तो कोकणाकडचा, हे श्रोत्यास तत्काळ कळते.

पोलिसी कागदपत्रांचे प्रकारही ह्या दृष्टीने तपासून पाहण्यासारखे आहेत. घटनास्थळाच्या पंचनाम्यात चतुःसीमा लिहिण्याची रीत आहे: पूर्वेस अमुक ह्यांचे घर, पश्चिमेस सार्वजनिक विहीर, दक्षिणेस शाळेची भिंत, उत्तरेस रस्ता. स्थळ निश्चित करणे हाच पंचनाम्याचा हेतू असल्यामुळे तो हे काम चोख बजावतो. आता गुन्हा पीडितेच्या घरी घडला असेल, तर ह्या कागदावरून तिचे नाव शंभर वेळा खोडले तरी चार शेजारी मिळून तिचे घर दाखवितातच. जप्तीच्या पंचनाम्यात गणवेशाचे वर्णन येते. मुद्देमालाच्या यादीत नाव घातलेली वही किंवा विशिष्ट कोरीव काम केलेला दागिना येतो. वैद्यकीय तपासणीच्या कागदावर शरीरावरील ओळखखुणा येतात. साक्षीदारांच्या जबाबांत तर प्रत्येक जण स्वतःचे नाते सांगूनच आरंभ करतो. सारांश, ओळख ही कागदाच्या एका ओळीत नसून संपूर्ण संचिकेत पसरलेली असते.

मग हा सर्व तपशील काढून टाकावा काय? येथे दुसऱ्या बाजूचे तितकेच प्रबळ तत्त्व आडवे येते. पुरावा हा जसाच्या तसा राहिला पाहिजे. २०१२ च्या अधिनियमाची कलमे २५ व २६ असे सांगतात की, बालकाचा जबाब बालक बोलले तसाच नोंदवावा. आवश्यक तेथे दुभाष्याचे किंवा विशेष शिक्षकाचे साहाय्य घ्यावे. ह्या तरतुदीमागे अनुभव आहे. मुलाने स्वतःच्या घरगुती शब्दांत सांगितलेली गोष्ट लेखनिकाने प्रौढ कायदेशीर परिभाषेत उतरविली, म्हणजे उलटतपासणीत ते शब्द मुलाचे नव्हेत हे सहज दाखविता येते आणि खरी साक्षही संशयास्पद ठरते. बोलीचे रूप, अडखळणे, शब्दांचा क्रम ह्या सर्वांना पुराव्यात मूल्य आहे. ज्या गोष्टी साक्ष विश्वसनीय करतात, पुष्कळदा त्याच गोष्टी साक्षीदाराची ओळख पटवितात. हा ह्या प्रश्नातील खरा पेच होय.

ह्या पेचातून वाट काढण्याचा मार्ग उपर्युक्त २०१८ च्या निर्णयातच सूचित झाला आहे. पीडितेचे नाव असलेले कागद पोलिसांनी शक्यतो मोहोरबंद लिफाफ्यात ठेवावेत आणि सार्वजनिक पाहणीस येऊ शकणाऱ्या अभिलेखात त्यांच्या जागी नाव वगळलेले, परंतु एरवी तंतोतंत तसेच कागद ठेवावेत, असे न्यायालयाने सांगितले. अशा गुन्ह्यांच्या प्राथमिक खबरी सार्वजनिक करू नयेत, असेही त्यात म्हटले आहे. म्हणजे एकाच पुराव्याच्या दोन संहिता कल्पिल्या आहेत: एक मूळ, अविकृत आणि बंद, दुसरी तिच्यावरून सिद्ध केलेली आणि दाखविण्याजोगी. हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेची ज्यांना सवय आहे त्यांना ही कल्पना नवीन वाटणार नाही. मूळ प्रतीवर खाडाखोड करावयाची नाही; जे काही करावयाचे ते दुसऱ्या प्रतीत, आणि कोठे काय बदलले ह्याची नोंद ठेवून.

दुसरी संहिता कशी सिद्ध करावी, ह्याबद्दल भाषाशास्त्र काही उपयुक्त गोष्टी सांगू शकते. पहिली, नुसते वगळण्यापेक्षा बदली संज्ञा योजणे बरे. सर्व नावांच्या जागी रिकामी जागा सोडली, तर कोणी कोणास काय म्हटले हे वाचकास कळेनासे होते आणि मजकूर निरुपयोगी होतो. ‘साक्षीदार क्रमांक १’, ‘शाळा क’, ‘गाव ख’ अशा संज्ञा संपूर्ण संचिकेत एकसारख्या वापरल्या, तर संदर्भाची साखळी अखंड राहते. दुसरी, बदली संज्ञेतून मूळ नाव सुचता कामा नये. नावाचे पहिले अक्षर किंवा त्याच जातीचे वाटेल असे आडनाव योजणे म्हणजे अर्धा पडदा उघडा ठेवणे होय. तिसरी, मूळ नावे आणि बदली संज्ञा ह्यांची सूची ही स्वतंत्र वस्तू मानून ती मूळ संहितेबरोबर बंद ठेवावी.

कोणते वर्णन ठेवावे आणि कोणते काढावे, हा निर्णय मात्र यांत्रिक नियमाने होणार नाही. गुन्ह्याच्या सिद्धतेस जे आवश्यक ते ठेवावे आणि बाकीचे जाऊ द्यावे, हे सूत्र येथे उपयोगी पडेल. वय हे सिद्धतेस आवश्यक असते. परंतु निर्णयाच्या वाचकास ‘सोळा वर्षांखालील’ एवढे कळणे पुरेसे होते, जन्मतारीख नव्हे. आरोपी नातेवाईक, पालक किंवा शिक्षक असणे ही गोष्ट गुन्ह्याचे गांभीर्य वाढविते; तेव्हा नाते काढता येत नाही. मग आरोपीचे नाव झाकावे लागते. येथे सामान्य समजूत उलटी पडते. आरोपीचे नाव झाकणे म्हणजे त्याला पाठीशी घालणे, असे लोकांना वाटते. वस्तुतः कुटुंबातील गुन्ह्यात तो मुलीच्याच नावावरचा पडदा असतो. २०१२ च्या अधिनियमाच्या कलम ३३ मध्ये बालकाच्या ओळखीत कुटुंबाच्या व नातेवाइकांच्या ओळखीचाही अंतर्भाव केला आहे, त्याचे मर्म हेच.

लिखित मजकुराबद्दल जे म्हटले ते ध्वनिमुद्रणास व चित्रमुद्रणास अधिकच लागू आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने पीडितेचा जबाब ध्वनिचित्रमुद्रणाने, मोबाइल फोनवरसुद्धा, नोंदविण्यास वाव दिला आहे. ह्यामुळे लेखनिकाच्या हातून होणारा विपर्यास टळतो, हा लाभ मोठा आहे. परंतु ओळख आता आवाजातही साठविली जाते. चेहरा अस्पष्ट केला तरी आवाज राहतो. आवाजाची पट्टी बदलली तरी बोली, शब्दांची निवड आणि बोलण्याची लकब राहते. तीही बदलावयाची तर दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागते, आणि मग ती साक्ष न राहता साक्षीचे निवेदन होते. मुद्रित धारिकेच्या अंकांवरून गणिताने एक ठसा काढला जातो, त्यास हॅश मूल्य म्हणतात. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने विहित केलेल्या प्रमाणपत्रात ते नमूद करावे लागते. आवाज बदललेल्या प्रतीचा ठसा अर्थातच वेगळा येणार. म्हणून अशी प्रत मूळ पुराव्याची जागा घेऊ शकत नाही. ती दुसरी संहिताच होय, आणि तिच्यावर तसे स्पष्ट लिहिलेले असावे.

आरोपीचा हक्क हा ह्या विषयाचा उपेक्षणीय भाग नव्हे. ज्याच्यावर आरोप आहे त्यास पुरावा पाहता आला नाही, तर बचाव कशाच्या आधारे करावयाचा? २९ नोव्हेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका खटल्यात हा प्रश्न सोडविला. अत्याचाराचे चित्रण असलेल्या मेमरी कार्डाची प्रत आरोपीने मागितली होती. त्यातील मजकूर हा कायद्याच्या दृष्टीने दस्तऐवज आहे आणि एरवी आरोपीस प्रत मिळाली पाहिजे, हे न्यायालयाने मान्य केले. परंतु जेथे तक्रारदाराच्या खासगीपणाचा प्रश्न आहे तेथे प्रत न देता आरोपी, त्याचा वकील आणि तज्ज्ञ ह्यांना केवळ पाहणी करू द्यावी, असे ठरविले. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला होता. त्या हक्काचा आणि न्याय्य सुनावणीच्या हक्काचा मेळ येथे घातलेला दिसतो. पाहणे आणि प्रत बाळगणे ह्यांतील भेद त्याच्या मुळाशी आहे. पाहिल्याने बचाव होतो. प्रत हाती आल्याने प्रसार होऊ शकतो.

आता आपल्या स्वतःच्या जबाबदारीकडे वळणे प्राप्त आहे. न्यायालयीन भाषेचा अभ्यास करणारे विद्यार्थी निर्णयांतील उतारे प्रबंधांत उद्धृत करतात, जबाबांचे नमुने गोळा करतात आणि बोलींची उदाहरणे त्यांतून घेतात. १९८३ च्या कलमात उच्च व सर्वोच्च न्यायालयांच्या निर्णयांचे प्रकाशन हा गुन्हा नव्हे, अशी सवलत होती. परंतु ती लक्षात घेऊनही सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये असे म्हटले की, कोणत्याही न्यायालयाच्या निर्णयात पीडितेचे नाव न देणे उचित होय. जुन्या निर्णयांत अर्थातच नावे आहेत, आणि ते निर्णय आता संगणकावर क्षणात शोधता येतात. पूर्वी जे नाव ग्रंथालयाच्या कपाटात झोपलेले होते ते आज तिच्या नातवंडांच्याही हाती लागू शकते. अशा वेळी जुन्या निर्णयात नाव छापलेले आहे, ही सबब अभ्यासकास पुरत नाही. कारण उद्धृत करणारा हाही प्रसिद्ध करणाराच असतो.

ह्यास्तव प्रबंधात असा उतारा घेताना अभ्यासकाने स्वतःस तीन प्रश्न विचारावेत. हा तपशील माझ्या प्रतिपादनास आवश्यक आहे काय? बाकीच्या तपशिलांशी जुळविल्यास तो एकाच व्यक्तीकडे बोट दाखवितो काय? आणि त्या व्यक्तीच्या शेजाऱ्याने हे पान वाचले तर त्याला काय कळेल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक नसेल, तर उदाहरण कितीही मार्मिक असले तरी ते सोडून द्यावे. व्याकरणाच्या एखाद्या रूपाला दुसरे उदाहरण नेहमीच सापडते.

ह्या लेखाच्या आरंभी जिचा उल्लेख आला तिला न्यायालयात न्याय मिळाला नाही. तिच्या नावाने चाललेल्या चर्चेतून मात्र इतर असंख्य स्त्रियांना कायद्याचे संरक्षण मिळाले. ते नाव वापरण्याची अनुमती तिला कोणी विचारली होती काय, हा प्रश्न आपण अध्यापकांनीही स्वतःस विचारला पाहिजे. यापुढे वर्गात हा खटला शिकविताना तो वर्षाने किंवा विधिवृत्तांतील अधिकृत शीर्षकाने संबोधिला, तर शिकविण्यात काहीही उणे पडणार नाही.